यात गुन्हा दिसत नाही

आमच्या ताईनं जन्मात कुणाचं पत्र पोचेशिवाय ठेवलं नाही. लग्नासाठी सांगून आलेल्या स्थळांनासुद्धा तिनं स्वतःच्या हातानं कार्ड टाकून नकार कळवले, आणि तेही "आपले पत्र मिळाले, आभारी आहे" अशी सुरुवात करून. आई कपाळ बडवून घ्यायची. "अगं, मुलाकडची माणसं आहेत ती, वीज कंपनी नाही!" पण ताईचं आपलं एकच. समोरच्यानं पेन उचलायची तसदी घेतली ना, मग त्याला पोच मिळालीच पाहिजे. ऑफिसात तिचं नाव पोचबाई पडलं ते काही उगाच नाही.

मी तिची धाकटी बहीण. त्याच प्रकाशनात मुद्रितं तपासते, म्हणजे पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका काढते. घरीही काढते, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. आम्ही तिघं एकाच घरात राहतो, दोन खोल्या आणि एक गॅलरी, आणि ऑफिसातही ताईचं टेबल माझ्या टेबलाला चिकटून. सकाळी एकाच बसनं जायचं, संध्याकाळी एकाच बसनं यायचं. आमचं भांडण काय ते रविवारी, कारण बाकीचे दिवस वेळ नसतो. माझा राग नाकावर आणि ताईला तो येतच नाही, त्यामुळे भांडणातलं सगळं काम मलाच करावं लागतं.

ऑफिस छापखान्याच्या वर, पहिल्या मजल्यावर. खाली मशीन सुरू झालं की फरशी थरथरते आणि टेबलावरचे कप आपले आपण सरकायला लागतात. या प्रकाशनाचं पोट भरतं एकाच मालिकेवर. निरीक्षकबाई मालिका. दर तीन महिन्यांनी एक पुस्तक, अकरा वर्षांत चव्वेचाळीस. मुखपृष्ठावर एक उंच बाई पाठमोरी उभी, हातात बॅटरी. आत एक खून, चार संशयित आणि शेवटच्या पानावर बाई खुन्याला बेड्या घालून निघून जातात. लेखकमहाशय म्हणजे निवृत्त भूगोलशिक्षक. पोलिस स्टेशनची पायरी कधी चढले नाहीत, आणि बोटाला टाचणी टोचली तरी बसायला खुर्ची शोधतात. पण लोकांना बाई आवडली ती आवडलीच.

मालकांनी एक शक्कल लढवली होती. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक कार्ड जोडलेलं, "आपला अभिप्राय कळवा" असं छापलेलं, टपाल खर्च आमचा. आणि वाचकानं अभिप्राय पाठवला की त्याला उत्तर यायचं ते प्रकाशनाकडून नाही, खुद्द निरीक्षकबाईंकडून. "लोकांना वाटलं पाहिजे की बाई आहे," मालक म्हणाले, "खरीखुरी आहे, आणि आपलं वाचतेय." ते काम गेलं ताईकडे. बाईंच्या सहीचा एक रबरी शिक्का करून दिला तिला. आमचे हे म्हणाले, "झालं! आता घरात पोलिस. मला बिडी ओढायची चोरी."

आणि काय एकेक अभिप्राय यायचे, विचारू नका. "बाईंचं लग्न कधी करताय? माझा धाकटा भाऊ आहे, निर्व्यसनी आहे." "एवढे खून होतात, बाई जेवतात कधी?" "बाईमाणूस एकटी गोदामात शिरते, घरचे काही बोलत नाहीत का?" "खुनी मला बाराव्या पानावरच कळला होता. पुढच्या वेळी जरा मेहनत घ्या." एका आजोबांनी लिहिलं होतं, "बाईंनी त्या ठेकेदाराच्या कानाखाली वाजवली ते आवडलं, पण एकच का?" ताई ही कार्डं मला वाचून दाखवायची आणि मी हातातलं मुद्रित बाजूला ठेवून पोट धरून हसायची. दुपारचा चहा त्यावरच जिरायचा.

ताईची कामाची एक पद्धत होती, आणि त्या पद्धतीचा तिला अभिमान होता. टेबलाला तीन खण. पहिला कौतुकाचा, दुसरा तक्रारींचा, तिसरा सूचनांचा. सूचना म्हणजे वाचकांनी पाठवलेल्या गोष्टींच्या कल्पना. आमच्याकडे प्रत्येक दुसऱ्या वाचकाला वाटतं की आपणही एक खून रचू शकतो. तिन्ही खणांचे तीन छापील मसुदे. कार्ड वाचायचं, मसुदा उचलायचा, शिक्का मारायचा, वाटलं तर खाली हातानं एखादी ओळ. मग आलेल्या कार्डाच्या कोपऱ्यात लाल शाईनं मसुद्याचा आकडा आणि ती हातानं लिहिलेली ओळ नोंदवायची, कार्ड खणात, की झालं. सकाळी आलेलं कार्ड संध्याकाळी पाचच्या आत उत्तर घेऊन बाहेर. उद्यावर काही नाही. मागचं काढून बघायचं नाही, कारण बघायला वेळच नाही. अकरा वर्षांत एक दिवस चुकली नाही ती. मीच सगळ्यांना कौतुकानं सांगायची, बघा, आमच्या ताईसारखी शिस्त दाखवा कुठे. माझ्या तोंडाला काय, कुलूप थोडंच आहे!

तिसऱ्या मसुद्यातले शब्द मला पाठ आहेत, कारण ते मीच तपासून दिले होते. "आपले कथाबीज मिळाले, आभारी आहे. मात्र यात गुन्हा दिसत नाही. गुन्हा अधिक ठळक करून पुन्हा कळवावे. आपली, निरीक्षकबाई." एकही चूक नव्हती त्यात.

वाचकांमध्ये एक आमच्या खास आवडीच्या होत्या. शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या, म्हणून आम्ही त्यांना शिवणबाई म्हणायचो. अक्षर बारीक, सरळ, टीप घातल्यासारखं. वर्गणी भरलेली, पुस्तक पोस्टानं घरी जायचं, आणि आठ दिवसांत कार्ड हजर. सातव्या पुस्तकावर त्यांनी लिहिलं होतं, "मयत इसमाच्या शर्टाची बटणं डाव्या बाजूला दाखवली आहेत. ती बायकांच्या शर्टाला असतात. एवढं निरीक्षकबाईंच्या लक्षात येऊ नये?" अहो, लेखकमहाशयांचं सोडा, माझी जीभ टाळूला चिकटली. ते पुस्तक मी दोनदा तपासलं होतं. तेव्हापासून कपड्याचा उल्लेख आला की मी ताईला विचारायची, "शिवणबाई काय म्हणतील?"

तर तो सोमवार. खाली मशीन चालू होतं. ताई टपाल फोडत होती. एक कार्ड हातात घेऊन म्हणाली, "अगं, शिवणबाईंचं अक्षर बघ काय झालंय. निव्वळ कोंबडीचे पाय. वयच झालं म्हणा."

मी सहज हात पुढे केला.

अक्षरं बोटभर मोठी होती. दुसरी ओळ पहिलीवर चढलेली, तिसरी कार्डाच्या कडेवरून खाली टेबलावर गेली असणार, कारण शब्द अर्धेच होते. मी आयुष्यभर अक्षरं बघत आले आहे. अर्थामध्ये अडकायचं नाही, अक्षर बघायचं, हे आमच्या कामाचं पहिलं सूत्र. हात थरथरणाऱ्या माणसाचं अक्षर मला कळतं. हे तसं नव्हतं. रेघा ठाम होत्या. ही बाई न थरथरता, पण न बघता लिहीत होती. मी तरी काय करते, चष्मा घरी राहिला की किराणाची यादी अशीच लिहिते.

"ताई, ह्यांना दिसत नाहीये," मी म्हटलं.

"मग मोतीबिंदू असेल. लिहिलंय काय ते वाच ना."

मी वाचलं. मोठ्यानं, अर्धे शब्द जुळवत. "पुस्तक मिळालं. वाचता आलं नाही. तुम्ही म्हणता गुन्हा नाही, तर नसेल. म्हातारी सोमवारी सही करते आहे. आपला त्रास संपला. आभारी आहे."

ताई म्हणाली, "कुठली म्हातारी?"

आणि मग तीच उठली आणि तिसरा खण उपसायला लागली. तिच्या खणात कार्डं तारखेनं लावलेली, वाचकाच्या नावानं नाही. मिळायला वीस मिनिटं लागली. गेल्या तीन पुस्तकांवरची तीन कार्डं. मी ती चौथ्याच्या शेजारी टेबलावर ओळीनं मांडली. अकरा वर्षांत त्या टेबलावर पहिल्यांदाच एका माणसाची कार्डं एकत्र आली होती.

पहिलं कार्ड, त्याच बारीक, टीप घातलेल्या अक्षरात. "अशी एक गोष्ट सुचते. एक म्हातारी मुलाजवळ राहते. मुलगा लोकांना सांगतो की तिला विस्मरण झालं आहे. तिला झालेलं नाही. निरीक्षकबाई हे कसं ओळखतील?" कोपऱ्यात लाल शाई, मसुदा तीन.

दुसरं कार्ड, अक्षर थोडं मोठं. "आपल्या सांगण्यावरून गुन्हा ठळक करते. म्हातारीचा चष्मा काढून घेतात. मग घराचे कागद पुढे ठेवून सही कर म्हणतात. ती नाही म्हणते. तिच्या खोलीला बाहेरून कडी लावतात." कोपऱ्यात मसुदा तीन, आणि खाली ताईचं हातचं वाक्य, "म्हातारी आरडाओरडा का करत नाही? वाचकांना पटणार नाही."

तिसरं, आणखी मोठं, ओळी वाकड्या. "म्हातारी ओरडली. शेजारी आले. मुलगा म्हणाला, विस्मरण. शेजारी गेले." कोपऱ्यात मसुदा तीन. त्या दिवशी गर्दी असणार, हातचं वाक्य नव्हतं.

मी ताईकडे बघितलं. हातातलं लाल पेन उघडंच होतं आणि त्याची शाई तिच्या अंगठ्यावर पसरत होती, ते तिला कळत नव्हतं. इतका वेळ मी मनात म्हणत होते, नाही, गोष्टच असेल, म्हाताऱ्या माणसांना सुचतात गोष्टी. पण ते चौथं कार्ड! गोष्टीतल्या म्हातारीचा चष्मा गेला तर लिहिणारीचं अक्षर कशाला बिघडेल?

"तिनं गोष्ट म्हणून लिहिलं," ताई म्हणाली. "उघडं कार्ड. मुलगा वाचणार. म्हणून गोष्ट म्हणून लिहिलं. आणि मी..."

"आज सोमवार आहे," मी म्हटलं.

मालकांना सांगायलाही थांबलो नाही. जिन्यातून उतरताना मी म्हणत होते, आधी पोलिसांकडे जाऊ. ताई म्हणाली, "आणि काय दाखवू? ही कार्डं? तेही म्हणतील, पटत नाही." बसमध्ये ती खिडकीशी बसली, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. पाच थांबे गेले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आपणही लावली होती ना गं, आईला कडी."

मी तिच्यावर खेकसले. बस भरलेली, पण मला राहवलं नाही. "ते वेगळं होतं! आईला खरंच काही आठवत नव्हतं. दोनदा रस्त्यावर सापडली. हे काय भलतंच!"

"हो. वेगळंच होतं," ताई म्हणाली. "पण म्हणून मला त्या कार्डात गुन्हा दिसला नाही. मला वाटलं, कडी तर काय, घरोघरी लागते." आणि मग, "आईच्या हातात कार्ड दिलं असतं तर तिनं काय लिहिलं असतं?"

मी उतरायच्या थांब्याकडे बघत बसले.

घर तळमजल्यावर, रस्त्याला लागून. करडा दरवाजा, शेजारी दोन खिडक्या, त्यांना गज. बेल मी वाजवली. दार उघडलं ते पन्नाशीच्या एका गृहस्थानं. इस्त्रीचा शर्ट, पायात घरातल्या चपला, बोलणं एकदम लोण्यासारखं. आम्ही प्रकाशनातून आलो म्हटल्यावर तर त्यानं दार पूर्ण उघडलं. "या ना, या. बसा. आईला फार आनंद झाला असता हो, पण तिची तब्येत ही अशी. काही लक्षात राहत नाही. गोष्टी रचते. परवा म्हणाली, मला उपाशी ठेवता. आता बोला!"

खोली स्वच्छ होती. खुर्च्यांवर अभ्रे, टेबलावर काच, काचेखाली कॅलेंडर. मी चुका काढणारी बाई, माझी नजर काही एका जागी ठरत नाही. आतल्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती, नवी, चकचकीत, आणि लावलेली होती. फ्रिजवर एक चष्मा घडी करून ठेवलेला. त्याची एक काडी मोडलेली आणि तिला निळा दोरा गुंडाळलेला, एकसारखा, एकावर एक न चढू देता. असा दोरा शिवण शिकवणारीच गुंडाळू शकते.

"त्यांना भेटता येईल का?" ताईनं विचारलं.

"आत्ता झोपलीय. आणि खरं सांगू का, तुमच्या पुस्तकांनीच तिचं डोकं फिरलंय. तुम्हालाच ती काहीबाही कळवत असते, मला माहीत आहे. पण मी मोडता घातला नाही. म्हटलं, म्हातारं माणूस, करू दे." तो उठला, कपाटातून एक पारदर्शक फाइल काढली आणि आमच्यासमोर धरली. "उलट तुमचे मी आभारच मानायला हवेत."

फाइलमध्ये तीन कार्डं होती. आमची. तिन्हींवर छापलेलं, "यात गुन्हा दिसत नाही." तिन्हींवर बाईंचा शिक्का.

"तिची या बाईंवर फार श्रद्धा," तो सांगत होता. "माझं ऐकत नाही, डॉक्टरांचं ऐकत नाही, पण बाईंचं म्हणजे ब्रह्मवाक्य. मग मी रोज सकाळी हेच वाचून दाखवतो. शेजारी विचारायला आले, त्यांनाही दाखवलं. म्हटलं, बघा, बाहेरच्या जाणत्या माणसांनीही सांगितलंय." आणि हसला. दुसऱ्या कार्डावरच्या ताईच्या वाक्यावर बोट ठेवून म्हणाला, "हे तर तुम्ही फारच छान लिहिलंत. वाचकांना पटणार नाही!"

मी आजवर चव्वेचाळीस खून तपासलेत. सुरा, विष, उशी, गळफास. एकदाही उठून पळावंसं वाटलं नाही. त्या स्वच्छ खोलीत, त्या हसऱ्या माणसासमोर वाटलं. मी ताईकडे बघितलं, ही आता "आभारी आहे" म्हणून उठते की काय, अशी भीती वाटली मला. खरंच वाटली. आयुष्यभर ती तेच म्हणत आली होती.

ताई उठली. तिची उंची माझ्या खांद्याला लागते, आवाज असा की बसमध्ये कंडक्टरला दोनदा सांगावं लागतं. ती त्या कडीच्या दारासमोर जाऊन उभी राहिली आणि ओरडली. अशी ओरडली की खिडकीबाहेर जाणारी माणसं थांबली.

"आजी! तो गुन्हा आहे! मी चुकीचं लिहिलं! तो गुन्हाच आहे!"

तो गृहस्थ "अहो, अहो" करत पुढे आला. मी मध्ये उभी राहिले. काय बोलले ते आता आठवत नाही, पण जे बोलले ते आमच्या कुठल्याच पुस्तकात छापता येणार नाही.

आतून काही आवाज नव्हता. मग खुरडत कुणीतरी दारापाशी आलं. अगदी जवळून, लाकडाला तोंड लावल्यासारखा आवाज आला, "कोण? निरीक्षकबाई?"

ताईचा हात कडीवर होता. खोटं बोलायची वेळ आली की तिचे कान लाल होतात, लहानपणापासून. तेव्हा झाले नाहीत. "हो," ती म्हणाली. "मीच. उशीर झाला मला."

आणि तिनं कडी काढली.

शिवणबाई दारातच उभ्या होत्या, भिंतीला हात लावून. केस नीट विंचरलेले. काखेत चव्वेचाळीसावं पुस्तक, न उघडलेलं. मी फ्रिजवरचा चष्मा उचलून त्यांच्या हातात दिला. त्यांनी आधी दोऱ्यावरून बोट फिरवलं, मग तो डोळ्यांवर चढवला आणि ताईला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"पुस्तकात उंच आहात," त्या म्हणाल्या.

ताईला हुंदका फुटला. तिनं त्यांचे दोन्ही हात धरले. "सही करू नका. आजी, घराचे कागद घेऊन कुणी आला तरी सही करू नका."

"सकाळीच केली," शिवणबाई शांतपणे म्हणाल्या. "नऊ वाजता आला होता तो. मी आणखी ताणून धरणार होते हो. वर्षभर धरलंच होतं. पण तुम्ही तिसऱ्यांदा तेच कळवलंत. म्हटलं, बाईंनाच दिसत नाही, तर माझंच काहीतरी चुकत असेल. खरंच विस्मरण झालं असेल मला."

त्या हे तक्रार म्हणून बोलत नव्हत्या, म्हणूनच ते जास्त लागलं. ताई तिथंच उंबऱ्यावर बसली, त्यांचे हात न सोडता.

पुढचं सगळं व्हायचं तसं झालं. खिडकीबाहेर माणसं जमली होतीच. त्यात पोस्टमन होता. तो म्हणाला, वर्षभर मी ही कार्डं आजींच्या खोलीच्या खिडकीच्या गजांतून त्यांच्या हातून घेतोय, मला वाटायचं म्हातारीला वाचनाचा नाद. मग पोलिस आले. त्यात एक बाई अधिकारी होत्या, सर्दी झालेल्या, हातात बॅटरीऐवजी रुमाल. त्यांनी चारही कार्डं वाचली, मग आमची तीन वाचली, आणि ताईला विचारलं, "हे तुम्ही लिहिलंत?" ताई म्हणाली, "हो." त्यांनी फक्त मान हलवली आणि कागद पुढे ओढला. त्या मान हलवण्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शिवणबाई आता त्यांच्या भाचीकडे आहेत. सहीचं प्रकरण कोर्टात आहे. वकील म्हणतात, सुटेल. सुटेल तेव्हा खरं. वरातीमागून घोडं नेलं आम्ही, आता ते कुठे उभं राहील ते बघायचं.

घरी आल्यावर आमच्या ह्यांनी नेहमीप्रमाणे काहीतरी थट्टा करायला तोंड उघडलं आणि ताईकडे बघून मिटलं. ती जेवली नाही. मी म्हटलं, "अगं, एक चूक झाली. अकरा वर्षांत एक. माझ्या तर पानागणिक होतात." ती म्हणाली, "एक सापडली."

मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले तर ताईनं तिसरा खण पुरता उपसून टेबलावर ओतलेला. माझं टेबलही तिनं व्यापलं होतं. मागच्या कपाटातले गठ्ठेही काढलेले, सुतळीनं बांधलेले, अकरा वर्षांचे. त्या दिवशीचं टपाल कोपऱ्यात न फोडता पडलं होतं. मालक दोनदा येऊन बघून गेले.

"काय करतेस?" मी विचारलं.

"वाचतेय," ती म्हणाली. "पहिल्यांदाच."

बहुतेक कार्डं म्हणजे निव्वळ गमती. राजवाड्यात खून, विमानात खून, माकडाकडून खून. ती एकेक वाचून उजवीकडे ठेवत होती. डावीकडे एक छोटी चळत होती. मी मोजली नाही. तिच्यातलं सगळ्यात वरचं कार्ड उचललं. नऊ वर्षांपूर्वीची तारीख. अक्षर गोल, जपून काढलेलं, शाळेतलं. खाली वयही लिहिलं होतं, अकरा.

"निरीक्षकबाई, मला एक गोष्ट सुचली आहे. एका मुलीला तिच्या काकांची भीती वाटते. ती का वाटते ते ती कुणालाच सांगत नाही. तुम्हाला कसं कळेल?"

कोपऱ्यात लाल शाई. मसुदा तीन. आणि खाली ताईचं स्वच्छ, शिस्तीचं हातचं वाक्य, "कल्पना चांगली आहे. मात्र भीतीचं कारण शेवटपर्यंत लपवून ठेवावं."

मी ते कार्ड खाली ठेवलं. म्हणजे ठेवलं असेल, कारण हात रिकामा होता. पायाखाली मशीन सुरू झालं, कप सरकायला लागले, आम्ही दोघींनी ते धरले नाहीत.

ताईनं एक कोरं कार्ड पुढे ओढलं. नऊ वर्षांपूर्वीचा पत्ता नीट उतरवून घेतला. मग सवयीनं तिचा हात चालला, "आपले पत्र मिळाले," एवढं लिहून झालं, आणि पेन तिथंच थांबलं.